कमी पाण्यावर जगणारी सदाफुली पावसाळ्यात का मेली? लातूरच्या एका सोसायटीचं प्रकरण

लातूरमधली ही सोसायटी 24 फ्लॅटची. गेटपासून मागच्या बोअरपर्यंत कंपाउंडच्या आतून मातीची एक पट्टी जाते, साधारण 70 फूट लांब आणि 3 फूट रुंद. 2016 च्या आधी तिथे लॉन होतं आणि भिंतीलगत गुलाब. त्या वर्षी मांजरा धरणाने तळ गाठला, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. प्यायला पाणी नसताना लॉनवर पाइप सोडायची छाती कुणाची होणार? लॉन वाळलं, गुलाब गेले, आणि पुढची काही वर्षं त्या पट्टीवर स्कूटर लागत राहिल्या.

पुन्हा फुलं लावायचा विषय काढला तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. त्यांची अट एकच होती: टँकर मागवावा लागेल असं काही लावायचं नाही. सदाफुली त्यांना सुचली कारण ती त्यांना रोज दिसत होती. कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याकडच्या नाल्याच्या कठड्याला एक भेग आहे. तिच्यात गुलाबी सदाफुलीचं एक झाड कधीचं उगवलेलं. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं, खत तर दूरच, आणि मे महिन्यातही त्याच्यावर फुलं असायची.

निवड चांगलीच होती. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळलेली की परकी वाटत नाही. मूळ खोल जातं. उन्हाच्या तडाख्यात दुपारी पानं जराशी मिटतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. पानं कडू आणि विषारी असल्याने शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. जवळजवळ प्रत्येक कोवळ्या पेरापाशी कळी धरते, म्हणून शेंडा वाढतोय तोवर फुलं येत राहतात. थंडीत वेग मंदावतो इतकंच. जुनी फुलं आपोआप गळतात, ती खुडत बसावं लागत नाही. दुष्काळी गावातल्या सामायिक बागेला यापेक्षा सोयीचं झाड शोधून सापडणार नाही.

लागवड जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर झाली. गेटकडच्या निम्म्या भागात गावाकडून आणलेली देशी रोपं, उंच वाढणारी, गुलाबी आणि पांढरी. मागच्या निम्म्या भागात नर्सरीतली हायब्रिड, बुटकी आणि मोठ्या फुलांची, लाल आणि जांभळट. जुलैअखेर पट्टी भरली, फोटो ग्रुपवर फिरले. ऑगस्टमध्ये मागच्या बाजूची रोपं माना टाकू लागली. गौरी-गणपतीच्या तोंडावर रोपं पाहायला मला बोलावणं आलं तेव्हा मागच्या भागात निम्म्याहून जास्त रोपं मेली होती आणि उरलेल्यांचंही काही खरं नव्हतं.

सोसायटीत तोवर तीन मतं तयार होती. एक, नर्सरीवाल्याने फसवलं. दोन, हायब्रिड म्हणजे नाजूकच, देशी लावायला हवी होती. तिसरं मत माळीमामांचं, आणि ते थोडं घाबरतच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, पाण्याला कमी केलं नाही बघा मी. माना टाकायला लागली तसं पाणी वाढवलंच. दोन टायमाला देतोय. तरी ऐकेनात."

खरं तर निदान त्या एका वाक्यात होतं. पण नुसतं सांगून कुणाला पटत नाही, दाखवावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. वेळ मुद्दाम ती निवडली. पाण्याअभावी सुकलेलं झाड रात्रीतून सावरतं आणि सकाळी ताठ दिसतं. ही रोपं सकाळी सातलाही लोळत होती आणि खालची माती मुठीत दाबली तर बोटांना चिकटत होती. माती ओली असताना सकाळी पान लोंबतंय याचा अर्थ पाणी आहे, पण ते वर चढवणारं मूळ उरलेलं नाही.

एक रोप उपटलं. उपटलं म्हणण्यापेक्षा ते हातातच आलं. मुळाला चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निसटली आणि आत पांढरा दोरा तेवढा राहिला. धुऊन पाहिल्यावर मुळं तपकिरी, काही काळी, वासाला कुजकट. जमिनीलगतच्या खोडाचा आडवा काप घेतला तर बाहेरची कड तपकिरी झालेली. शेजारच्या काही रोपांची मुळं बरी होती, पण वरून शेंडे करपत आले होते: देठावर ओलसर काळपट पट्टा आणि त्याच्या वरचं सगळं मलूल. दोन्हींमागे बहुतेक एकच चोर, फायटोफ्थोरा. ही बुरशीसारखी वागणारी जात साचलेल्या पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते. मुळं पाण्यात असली की ते मुळांना गाठतात, आणि पावसाचे किंवा पाइपचे थेंब मातीवर आपटून उडाले की चिखलाबरोबर पानांवर आणि शेंड्यांवर पोचतात. सदाफुलीचा जगभरातला सगळ्यात मोठा रोग हाच. रायझोक्टोनिया, पिथियम असे मुळं कुजवणारे दुसरे रोगकारकही असतात. नक्की कोण ते प्रयोगशाळाच सांगेल. पण इथे उपाय बदलणार नव्हता, म्हणून नमुना पाठवायचा खर्च मी सोसायटीला करायला लावला नाही.

आता प्रश्न हायब्रिडचा. मेलेली बहुतेक रोपं हायब्रिड होती हे खरं. पण हायब्रिड जिथे लावलं होतं ती जागाही वेगळी होती, त्यामुळे दोष जातीचा की जागेचा हे असं कळत नाही. कागदावर पट्टीचा आराखडा काढला आणि मेलेल्या रोपांवर फुल्या मारत गेलो. गेटकडे दोन-चार फुल्या, मधोमध विरळ, आणि बोअरच्या कोपऱ्यात नुसती गर्दी. मग दोन गोष्टी सापडल्या. उरलेली देशी रोपं माळीमामांनी त्याच कोपऱ्यात खोचली होती. तीही मेली होती. आणि उरलेली हायब्रिड रोपं गेटच्या खांबांवरच्या सिमेंटच्या कुंड्यांत लावली होती. ती मजेत फुलत होती. नर्सरीवाला सुटला.

कोपऱ्यात काय होतं? 2016 नंतर लातुरात बऱ्याच ठिकाणी झालं तसं या सोसायटीनेही छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची व्यवस्था केली. पाइप खाली येतो, खडी-वाळूच्या गाळणखड्ड्यात जातो आणि तिथून बोअरला. काम चांगलं केलेलं. फक्त खड्डा भरला की जादा पाणी बाहेर पडायला जी नळी ठेवली होती तिचं तोंड थेट या पट्टीच्या कोपऱ्यात उघडत होतं. ती बसवली तेव्हा पट्टी रिकामी होती, कुणाच्या ध्यानातही आलं नसणार. मोठ्या पावसात चार मजल्यांच्या गच्चीचं जादा पाणी त्या कोपऱ्यात जमा, आणि उघडीप मिळाली की वरून माळीमामांचा पाइप.

निचरा तपासायची सोपी रीत आहे, ती तिथेच केली. एक फूट खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरायचा, ते मुरू द्यायचं. मग पुन्हा भरायचा आणि घड्याळ लावायचं. पहिल्या खेपेला कोरडी माती पाणी पिते, म्हणून मोजायचं ते दुसऱ्या खेपेला. गेटकडच्या खड्ड्यातलं पाणी दोनेक तासांत गेलं. मागच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धं पाणी होतं आणि त्यात एक बेडकी बसली होती. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. माझं सगळं बोलणं त्यांनी शंकेने ऐकलं होतं, पण ही बेडकी पाहिल्यावर त्यांनी वही मिटली.

मागची माती काळी भारी. ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची वाट बंद होते. वर्षानुवर्षं गाड्या लागून ती दबलेली, आणि फूटभराखाली बांधकामाच्या वेळी पसरलेला सिमेंटचा राडा. कठड्याच्या भेगेतल्या झाडाचं रहस्य इथे उलगडतं. त्या भेगेत पाणी टिकतच नव्हतं, म्हणून ते जगलं. सदाफुलीला तहान सोसते, बुडणं सोसत नाही. मराठवाड्यात सगळे उन्हाळ्याची धास्ती घेऊन झाड निवडतात, आणि काळ्या रानात ते झाड मरतं श्रावणात.

उपाय सांगताना मी क्रम ठरवून दिला, कारण समितीला सगळ्यात आधी औषध फवारायचं होतं. फवारणी हा लोकांचा आवडता उपाय, काहीतरी केल्यासारखं वाटतं. मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं, अशा रोगावर करतात, आणि नर्सरीच्या ट्रेमध्ये तिचा उपयोगही होतो. पण गच्चीचं पाणी पट्टीत येत असताना औषध ओतणं म्हणजे तेही वाहून घालवणं. शिवाय तिथे मुलं खेळतात. मी नाही म्हणालो.

पहिलं काम, माळीमामांचं पाणी त्या दिवसापासून बंद. हे त्यांच्या जिवावर आलं. फुलझाडाला पाणी न देणं म्हणजे कामचुकारपणा, असंच आयुष्यभर शिकलेला माणूस. त्यांना म्हटलं, "मामा, सकाळी येऊन बोट पेराएवढं मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे." हे त्यांना पटलं, कारण यात काम होतं.

दुसरं काम, नळीला जोड देऊन तिचं तोंड बाहेरच्या नाल्याकडे वळवणं. खर्च किरकोळ, पण सभेत यावर तासभर गेला. पाणी अडवायला केलेली योजना, आणि आता तेच पाणी नाल्यात सोडायचं म्हणता? आक्षेप रास्त होता. शेवटी गाळणखड्डा साफ केला. त्यातल्या खडीवर दोन-तीन पावसाळ्यांचा गाळ बसल्याने पाणी लवकर वरून वाहत होतं. खडी धुऊन भरल्यावर बोअरला जाणारं पाणी वाढलं आणि जादा पाणी कमी झालं. या भानगडीत सोसायटीचा खरा फायदा कुठला झाला असेल तर हा.

तिसरं, मेलेली रोपं मुळाभोवतीच्या मातीसकट काढून कचऱ्यात. सोसायटीचा कंपोस्टचा ड्रम आहे, त्यात टाकायची नाहीत हे दोनदा बजावलं. मागच्या भागातला वीतभर राडा खणून काढला आणि वाफा आठ-नऊ इंचांनी उचलला: दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग जाडसर क्रश सँड, आणि कुजलेलं शेणखत बेताचं. शेणखत वाढवायचा आग्रह खूप झाला. सदाफुलीला जास्त खत दिलं की ती पानांनी माजते, फुलं कमी होतात आणि कोवळी फूट रोगाला आयती मिळते. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, शेणखतात कालवून दिलं, पण त्याच्यावर मदार नव्हती.

नळीजवळचा शेवटचा सहा-सात फुटांचा तुकडा मात्र सदाफुलीला द्यायचाच नाही असं ठरवलं. कितीही केलं तरी ती जागा सखल. तिथे कर्दळ लावली. तिला पाय ओले असलेले चालतात.

नवी लागवड ऑक्टोबरमध्ये केली, परतीचा पाऊस गेल्यावर. लोकांना जून म्हणजे लागवडीचा महिना वाटतो, आणि आंबा-चिंचेसाठी तो असेलही. सदाफुलीच्या लहान रोपाला पहिला पावसाळाच भारी पडतो. ऑक्टोबरात लावलेलं रोप पुढच्या जूनपर्यंत दांडगं होतं. बुटक्या जातीला फूटभर आणि देशीला दीड फूट अंतर ठेवलं. यावर कुरकुर झाली, कारण सुरुवातीला पट्टी विरळ दिसते. पण पानं सुकायला वारा लागतो. पाणी द्यायचं ते सकाळी आणि बुडाशी, झारीने डोक्यावरून नाही. पहिले तीन आठवडे दिवसाआड, मग चार-पाच दिवसांनी, आणि मूळ धरल्यावर बोटाने तपासून.

जातीबद्दल इथेच सांगून टाकतो. फायटोफ्थोराला दाद न देणाऱ्या हायब्रिड मालिका बाजारात आहेत, कोरा ही त्यांतली जुनी ओळखीची. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची निर्मल ही पांढऱ्या फुलांची जातही मररोगाला बऱ्यापैकी टिकते, पण ती मुळात औषधी शेतीसाठी काढलेली. अशी रोपं मिळाली तर जरूर घ्यावीत. मात्र रोगाला दाद न देणारं रोपही साचलेल्या पाण्यात गुदमरतंच, आणि ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर रस्त्यालगत आणि दुर्लक्षित जागी देशी, कुंडीत आणि दारासमोर हायब्रिड.

लागवड चालू असताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. तळमजल्यावरचे एक काका रोज सकाळी फिरून येताना या पट्टीतली पाच-सहा पानं खुडून चावत होते, शुगरसाठी. घरोघरी हे चालतं, म्हणून थोडं विषयांतर. सदाफुलीचा काढा मधुमेहावर देतात ही समजूत वेस्ट इंडीजमध्येही होती. 1950 च्या दशकात जमैकाहून आलेली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर तपासली. साखरेवर काही खास परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध वेगळं काढलं गेलं, आणि पुढे याच झाडातून व्हिनक्रिस्टिन मिळालं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. हे ऐकून काका खूश झाले, "म्हणजे औषधीच की!" त्यांना सांगावं लागलं की पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य मोजमाप न करता रोज पोटात घालणं ही काही तब्येतीची काळजी नव्हे. बऱ्याच वादानंतर त्यांनी डॉक्टरांना विचारायचं कबूल केलं. पट्टीवर "पाने खाऊ नयेत" अशी पाटी लागली. लहान मुलांसाठी ती हवीच होती.

हिवाळ्यात नवी तक्रार आली. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. माळीमामांनी लगेच ओळखलं, भुईमुगावर त्यांनी पाहिलेला. मातीत चुनखडीचे पांढरे खडे दिसतच होते, परीक्षणात सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, 7 च्या वर गेला की माती अल्कधर्मी) 8 च्या वर आला, आणि वरून बोअरचं कठीण पाणी. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. दुकानदार सहसा ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह देतो, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं. ते फवारणीला ठीक, पण इतक्या अल्कधर्मी मातीत टाकलं तर फार टिकत नाही. तिथे ईडीडीएचए प्रकारचं लोह लागतं, लाल रंगाची भुकटी, किमतीला महाग. ते बुडाशी दिल्यावर नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं तशीच राहिली. त्यांच्याकडे पाहून औषध चाललं नाही असं ठरवू नये.

पुढच्या उन्हाळ्यात मधल्या भागातल्या तीन-चार झाडांना हिरवी फुलं आली. पाकळ्यांच्या जागी बारीक हिरवी पानं आणि फांद्यांचा झुपका. एका ताईंनी "दुर्मीळ हिरवी सदाफुली" म्हणून तिच्या कटिंग करून घरी लावल्या आणि दोन मैत्रिणींनाही दिल्या. हा फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवाचा रोग, तुडतुडे पसरवतात, आणि बागेत त्याला इलाज नाही. झाडं उपटून टाकली. ताईंच्या कुंड्या काढायला मात्र दोन आठवडे आणि काकूंची मध्यस्थी लागली.

त्या उन्हाळ्यात पट्टीला दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी मिळत होतं, तेही बोअरमधलं. टँकर एकही लागला नाही. मे महिन्यात फुलं लहान आली, पण थांबली नाहीत. पावसाळ्यात मागच्या भागातली पाच-सहा झाडं गेली. वर्षाला एवढी जाणारच असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या जागी भरायला रोपं घरचीच आहेत. शेंगा पिवळट झाल्या की त्या तडकायच्या आत काढून कागदावर वाळवायच्या, काळं बारीक बी झाडून घ्यायचं आणि उबदार जागी ट्रेमध्ये मातीने झाकून पेरायचं. या बियाला रुजायला अंधार लागतो. वरच्या वर भुरभुरवून उन्हात ठेवलेला ट्रे उगवत नाही, आणि मग दोष बियाला जातो. हायब्रिडचं बी आईसारखं निघेलच असं नाही; सोसायटीत आता फिकट गुलाबीच्या बऱ्याच छटा दिसतात, आणि तक्रार कुणाची नाही.

दोन प्रश्न अजून लोंबकळत आहेत. कर्दळीला उन्हाळ्यात सदाफुलीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ती कापून गड्डे तसेच ठेवायचे की पाणी द्यायचं यावर समितीत दोन तट आहेत. मी कापायच्या बाजूचा. आणि गेटकडची देशी झाडं आता खालून लाकडी, उघडी पडत चालली आहेत. फेब्रुवारीत ती तिसऱ्या हिश्श्याने छाटायची असं ठरलंय. छाटणीनंतर ज्यांना फूट येणार नाही ती काढून टाकायची, पण फुलावरचं झाड कापायला माळीमामा अजून तयार नाहीत.